अनसूयेचा ओट्यावरचा वर्ग

अनसूयेच्या पत्राला अच्युतरावांनी उत्तर पाठवलं नाही, याचा अर्थ त्यांनी ते लिहिलं नाही असा कुणी घेऊ नये. त्यांनी ते पुष्कळदा लिहिलं. एकदा 'चि. अनसूया हीस' असं लिहिलं. मग वाटलं, बाई आता गुलबर्ग्याच्या कचेरीत हुद्द्यावर आहे, तिला चिरंजीव म्हणावं का? एकदा 'सौ.' लिहिणार होते, पण तिनं लग्न केलेलं नव्हतं. 'श्रीमती' लिहिलं तर फारच परकं वाटलं. मायन्यातच कागद संपायचा. पत्र आलं तेव्हा गुलबर्ग्याकडच्या त्या कल्याण गावात आंब्यांना मोहोर होता. आता आंबे उतरून लोणच्याच्या बरण्यांत जाऊन बसले होते आणि अच्युतराव अजून मायन्यावरच होते.

पत्र म्हणजे साधं कार्ड होतं. त्यामुळे ते अच्युतरावांच्या आधी पोस्टमन किशनरावानं वाचलं, मग समोरच्या चंद्रम्मानं वाचून घेतलं, आणि अच्युतरावांच्या हाती आलं तेव्हा त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी स्वयंपाकघरातूनच विचारलं, "मग, कधी जायलाव गुलबर्ग्याला?"

कार्डावर अनसूयेनं सरळ लिहिलं होतं. टपालानं शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कचेरीत ती काम करत होती. मुडबी गावची शारदा नावाची एक मुलगी, डोळ्यांनी दिसत नाही, अर्धा दिवस शाळेच्या पाळणाघरात मुलं सांभाळते आणि उरलेल्या दिवसात टपालानं बी.ए. करते. तिला धडे वाचून दाखवायला माणूस ठेवायचा तर मदत मंजूर व्हायला हवी. फाईल एका साहेबांच्या टेबलावर अडकली आहे. 'जूनअखेर फाईल बंद होईल आणि तिचं वर्ष जाईल. गुरुजी, तुम्ही या. काही बोलू नका, काही लिहू नका. त्या दिवशी उभे राहिला होतात तसे साहेबांच्या टेबलापुढं नुसते उभे राहा. बाकीचं मी बघते.'

आता जून निम्मा सरला होता. आणि 'त्या दिवशी' हा शब्द वाचला की अच्युतरावांचे कान अजून तापायचे.

ती गोष्ट आणीबाणीच्या आधीची. राज्याचं नाव नुकतंच बदललं होतं, पण छापील अर्ज जुनेच होते. त्यावरचा 'म्हैसूर' खोडून कुणीतरी शाईनं 'कर्नाटक' लिहायचं, आणि खोडलेला अर्ज चालत नाही म्हणून पुढचा माणूस तो परत पाठवायचा. अच्युतराव तेव्हा हायस्कुलात इतिहास शिकवायचे. शिकवायचे म्हणजे पुस्तकाकडे बघून बोलायचे. मुलांकडे बघण्याइतकं धाडस त्यांच्यात नव्हतं. बसच्या कंडक्टरकडे सुटे पैसे राहिले तर ते मागण्यापेक्षा चालत घरी येणं त्यांना सोपं वाटायचं.

अनसूया चंद्रम्माच्या घरात मागच्या खोलीत राहायची. कोहिनूर नावाच्या खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरातली पोर. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेले होते. हातानं फिरवायच्या मशीनवर सकाळभर झंपर शिवायची आणि दुपारनंतर बी.ए.चे धडे वाचायची. धडे टपालानं यायचे, जाड पाकिटातून, कानडीत. पहिली दोन वर्षं तिनं मशीनच्या कमाईवर काढली. तिसऱ्या वर्षी मशीनच मोडलं. तेव्हा अपंग विद्यार्थ्यांना सरकार शिष्यवृत्ती देतं असं कुणीतरी सांगितलं आणि ती कुबड्यांवर समोरच्या घरी आली.

"गुर्जी, अर्ज भरून द्या. शेवटचं वर्ष हाय. हे साल गेलं तर मी पुन्हा झंपरालाच जाते बघा, आन् मग निघत न्हाई."

अच्युतरावांना नाही म्हणता आलं नाही. खरं तर त्यांना आयुष्यात कुणालाच नाही म्हणता आलं नव्हतं. पण या वेळी त्यांना तसं म्हणायचंही नव्हतं.

अर्ज भरताना गल्ली गोळा झाली. कल्याणात कुणी अर्ज भरायला बसलं की लोक असे जमायचे, जसं काही विहिरीत पडलेलं भांडं काढायचं आहे. आडतदार राघोबा त्यात पहिला. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेला माणूस. अर्जाला दरखास्त म्हणायचा आणि प्रत्येक दरखास्तीची सुरुवात हुजुरांच्या उमरदराजीनं, म्हणजे त्यांना उदंड आयुष्य चिंतून व्हावी असा त्याचा आग्रह. "पोरीला गाणगापूरला न्या आधी," असा दुसरा सल्ला आला. "दत्ताची सेवा करू द्या. पाय येतेत."

"आन् पाय आल्यावर शिष्यवृत्ती कुणाच्या नावानं मागू?" अनसूयेनं विचारलं. "राहू द्या जरा. बी.ए. झाल्यावर जाते."

एका रकान्यात 'यंदाही अपंगत्व चालू असल्याचा डॉक्टरी दाखला' मागितला होता. अनसूया म्हणाली, "मधी सुटीवर गेलं व्हतं, आता हजर झालंय, असं लिहा." अच्युतरावांनी गंभीरपणे पेन उचललं आणि मालतीबाईंनी ते त्यांच्या हातून काढून घेतलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग शेवटच्या पानावर तो रकाना आला. 'उमेदवार वर्गात नियमित हजर असतो, असे वर्गशिक्षकाने प्रमाणित करावे.'

टपालानं शिकणाऱ्याला वर्ग कुठला? पण अर्ज कॉलेजातल्या विद्यार्थ्यांसाठी छापलेला. घरी बसून, काम करून शिकणारा कुणी पांगळा माणूस असू शकेल, असं तो अर्ज छापणाऱ्याच्या मनातही आलं नसावं.

"ठोका सही," राघोबा म्हणाला. "शाळेतले गुर्जी हाव का न्हाई? मग झालं."

"पण ती वर्गात हजर नसते," अच्युतराव म्हणाले.

"अवो, कोण बघायला येतंय?"

"कुणी येत नाही, म्हणूनच पंचाईत आहे," अच्युतराव म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाही नीट कळलं नाही, पण खोटी सही करायची नाही एवढं त्यांचं ठरलं होतं. रात्रभर त्यांनी कूस बदलली. सकाळी चहा घेताना म्हणाले, "सही खरी करायची तर वर्ग भरवावा लागेल."

मालतीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पण त्या संध्याकाळी चंद्रम्माच्या ओट्यावर चटई पडली, शाळेतला जुना फळा भिंतीला टेकला, आणि अच्युतरावांनी हजेरीपट उघडून हाक दिली, "अनसूया."

"हजर," अनसूया म्हणाली, आणि हसू दाबायला तोंडाला पदर लावला.

इथवर ठीक होतं. पण दोन-चार दिवसांनी अच्युतरावांच्या मनात नवी शंका निघाली. एका विद्यार्थ्याचा वर्ग होतो का? तो वर्ग म्हणायचा की शिकवणी? त्यांनी शब्दकोश काढला. शब्दकोशात वर्ग म्हणजे समूह होता.

"बसतो आम्ही," राघोबा म्हणाला. "दुकान बंद झाल्यावर करायचं काय न्हाईतर?" चंद्रम्मा तर आपल्याच ओट्यावर होती, तिला उठवणार कोण? ती तुरीच्या शेंगा सोलत बसायची. मालतीबाई चहा घेऊन आल्या आणि राहिल्या. हजेरीपटात नावं वाढली. किशनराव टपालाची पिशवी खांद्यावर घेऊन उभ्यानंच ऐकायचा; त्याची हजेरी अच्युतराव 'उशिरा' अशी लावत.

त्या वर्गाची आठवण आली की अच्युतरावांना अजून तुरीच्या ओल्या शेंगांचा वास येतो. कंदिलाभोवती पाखरं फिरायची, कुठंतरी म्हैस हंबरायची, आणि ओट्यावर फ्रान्सची राज्यक्रांती चाललेली असायची. धडा कानडीत, अच्युतराव तो वाचून मराठीत सांगायचे. त्यांचं कानडी ऐकून चंद्रम्माच्या हातातली शेंग थांबायची. "अय्यो, हंग अल्री, गुरुजी!" ती म्हणायची, म्हणजे 'तसं नव्हे हो', आणि तोच शब्द असा मऊ करून म्हणायची, की अच्युतरावांना वाटायचं, ही बाई शिकली असती तर आपली नोकरी गेली असती.

पॅरिसमध्ये भाकरी महाग झाली आणि लोक रस्त्यावर उतरले, हे ऐकून राघोबा खवळला. "भाव वाढला तर आडत्यावर कामून जळायलेत लोक? पीकच आलं न्हाई तर आडत्यानं काय घरचं आणून विकायचं?"

"राघोबा अण्णा, तुमचं नाव न्हाई घेतलं गुर्जींनी," अनसूया म्हणाली.

"तोंडानं न्हाई घेतलं. पण बघायलेत माझ्याकडंच."

अच्युतराव खरं तर पुस्तकाकडे बघत होते.

राजाचा शिरच्छेद झाला त्या संध्याकाळी चंद्रम्मानं डोळ्यांना पदर लावला. त्याला लेकरंबाळं होती का, तिनं विचारलं. होती म्हटल्यावर ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी वर्ग भरवू नये, असं वर्गाचं मत पडलं. अच्युतरावांनी हजेरीपटात 'सुटी' लिहिलं. कारणाच्या जागी काय लिहावं ते कळेना, म्हणून ती जागा मोकळी ठेवली.

आणि अनसूया? ती सगळ्यांत पुढे बसायची, कुबड्या भिंतीला लावून. आधी ती धडे पाठ करायची. आता ती राघोबाशी भांडायची, आणि भांडता भांडता धडा तिचा व्हायचा. एकदा ती मालतीबाईंना म्हणाली, "वहिनी, मी कवा वर्गात बसलेच न्हाई बघा. वरच्या मजल्यावर वर्ग, मी खाली. आवाज तेवढा यायचा." मालतीबाईंनी तिच्या कपात चहा जास्तीचा ओतला. त्यानंतर त्यांनी वर्गाची थट्टा केली नाही. म्हणजे अच्युतरावांची केली, वर्गाची नाही.

आता सही खरी झाली. अच्युतरावांनी ती फुलस्टॉपसकट ठोकली आणि अर्ज गेला. तिथं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण खऱ्या माणसाला आपलं खरेपण सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनी अर्जासोबत एक पानी निवेदन जोडलं: वर्ग रोज सायंकाळी भरतो, कुणीही येऊन खात्री करावी.

आणि खात्री करायला माणूस आला. जगदेवप्पा त्यांचं नाव. काखेत छत्री, हातात फाईल, आणि चेहऱ्यावर दुपारचं जेवण न झाल्याची कळा. वर्ग सुरू होता. अच्युतराव पुस्तकाकडे बघत असल्यानं त्यांना ते दिसलेच नाहीत. राघोबाला दिसले. त्याला वाटलं, नवा विद्यार्थी.

"बसा, बसा. नाव सांगा. हजेरी झाली की उठता येत न्हाई, आधीच सांगतो."

जगदेवप्पा बसले. चंद्रम्मानं त्यांच्यापुढे तुरीच्या शेंगांची पाटी सरकवली. चहा आला, चिवडा आला. विषय नेपोलियनचा होता. नेपोलियनला बेटावर नेऊन टाकलं हे ऐकून जगदेवप्पा एकदम म्हणाले, "बदलीच झाली म्हणायची!" आणि मग त्यांनी स्वतःच्या बदल्यांची अशी हकीकत सांगितली, की वर्गाला इंग्रजांपेक्षा त्यांच्या साहेबांचाच राग आला. जाताना ते छत्री विसरले. ती न्यायला परत आले तेव्हा अच्युतरावांनी त्यांना भीतभीत विचारलं, आपण कोण? त्यांनी फाईल दाखवली. अच्युतरावांच्या हातातला खडू गळून पडला.

"घाबरू नका, गुरुजी," जगदेवप्पा म्हणाले. "जे बघितलं तेच लिहिणार."

त्यांनी तेच लिहिलं. 'वर्ग नियमित भरतो. शिकवणे उत्तम. मी स्वतः हजर होतो. विद्यार्थीसंख्या बरी आहे.' इतका खरा अहवाल त्या कचेरीत पूर्वी आला नसावा. कारण पुढच्या टपालानं किशनरावानं जो लिफाफा आणला, त्यात अच्युतरावांना नोटीस होती: विनापरवाना महाविद्यालय चालवल्याबद्दल खुलासा करावा.

अच्युतराव दोन दिवस जेवले नाहीत. आपण महाविद्यालय काढलं आहे ही बातमी गावभर झाली. रस्त्यात माणसं "प्रिन्सिपॉल साहेब" म्हणून रामराम करू लागली. एकानं तर पुतण्याच्या प्रवेशासाठी चिठ्ठी आणली.

खुलासा द्यायला ते कचेरीत गेले. तिथला कारकून भला माणूस होता. त्यानं फाईल उघडली, मिटली, आणि हळू आवाजात म्हणाला, "गुरुजी, असं करायलेत का कुणी? तुम्ही नुसती सही करायची. वर्ग कशाला भरवायचा?"

"पण अर्जात लिहिलं होतं, वर्गात हजर असतो म्हणून—"

"लिहिलेलं असतं हो. आता बघा, तुमच्या वर्गाला परवाना न्हाई, म्हणून ती कॉलेजची विद्यार्थिनी न्हाई. आणि रोज वर्गाला जाते, म्हणून टपालाचीबी न्हाई. मग ती कोण, सांगा?"

अर्ज नामंजूर झाला.

घरी येऊन त्यांनी हे अनसूयेला कसं सांगावं? ओट्यासमोरून ते तीनदा गेले. शेवटी तिनंच हाक मारली. "गुर्जी, कळलंय मला. किशनरावानं सांगितलं. आज नेपोलियनचा शेवट व्हता ना? मग या की वर."

परीक्षेची फी आणि प्रवास वर्गानं कसा भागवला, ते अच्युतरावांना कुणी कळू दिलं नाही. त्यांना कळलं असतं तर त्यांनी पावत्या मागितल्या असत्या. परीक्षेच्या दिवशी राघोबाच्या तुरीचा ट्रक गुलबर्ग्याला निघालाच होता. अनसूया आणि मालतीबाई पुढे ड्रायव्हरजवळ बसल्या. अच्युतरावांची जागा मागे, पोत्यांवर. धोतर वाऱ्यानं असं फुगलं, की हुमनाबादेपाशी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं ट्रकवर शीड लागलंय समजून वर बघितलं, गुरुजींना ओळखलं आणि सायकलवरून उतरून नमस्कार केला. अच्युतरावांना नमस्कारासाठी हात जोडावेत तर धोतर जायचं, आणि धोतर धरावं तर शिष्टाचार जायचा.

सगळी वाट ते एक वाक्य पाठ करत होते. परीक्षेचा हॉल वरच्या मजल्यावर असतो, हे त्यांना माहीत होतं. 'महोदय, सदर विद्यार्थिनीस जिना चढणे शक्य नसल्याने तिची व्यवस्था तळमजल्यावर करण्यात यावी.' सोपं, सभ्य, बिनचूक वाक्य.

परीक्षा-प्रमुखांचं टेबल जिन्याच्या पायथ्याशीच होतं. त्यांनी अनसूयेकडे बघितलं आणि म्हणाले, "शिपाई आहेत दोन. उचलून नेतील."

"मी पोतं न्हाई, साहेब," अनसूया म्हणाली. "खाली बसवा. कुठंबी बसवा."

"नियमात बसत नाही. मग घरी जा."

आता अच्युतरावांची पाळी. ते पुढे झाले. टेबलाच्या कडेला हात टेकले. तोंड उघडलं. आणि 'महोदय'सुद्धा बाहेर पडेना.

"काय पाहिजे?" प्रमुखांनी विचारलं.

अच्युतराव उभेच. अंगावर तुरीची धूळ, चष्मा घामानं धूसर, धोतराचा सोगा मुठीत.

"बोला की."

शब्द नाही. प्रमुखांनी खुर्ची दाखवली, अच्युतराव बसले नाहीत. शिपायानं पाणी आणलं, घेतलं नाही. घंटा झाली, मुलं धडाधडा वर गेली, जिना रिकामा झाला, आणि त्या मोकळ्या जागेत एक पिकलेला मास्तर एका मोठ्या साहेबाकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यासमोर पुस्तक नव्हतं, म्हणून ते माणसाकडे बघत होते. दुसरं कुठं बघावं हे त्यांना सुचलंच नाही.

प्रमुखांनी कागद इकडचे तिकडे केले. टोपी काढली, घातली. शेवटी म्हणाले, "अहो, असं बघू नका हो माझ्याकडं! जिन्याखालची खोली उघड रे. टेबल टाक बाईला."

अनसूयेनं तिथं पेपर लिहिले. मोडकी बाकं, फुटबॉल, नाटकाचा जुना पडदा यांच्यामध्ये बसून. ती पास झाली. पुढे गुलबर्ग्यालाच नोकरीला लागली.

पण अच्युतरावांच्या लेखी तो दिवस नामुष्कीचाच राहिला. ऐनवेळी तोंडातून शब्द फुटला नाही. साधं वाक्य होतं, पाठ होतं, आणि तरी! राघोबा असेपर्यंत त्याला ते म्हणायचे, "तुम्ही असता तर दोन शब्द बोलला असतात." आता राघोबा नाही. ओट्यावर फळा नाही. चंद्रम्मा आहे, पण तिला शेंगा सोलायला आता नीट दिसत नाही. ती बोटांनी चाचपून दाणे काढते. आणि ज्यानं एक शिष्यवृत्ती खरेपणानं बुडवली, त्यानं दुसऱ्या मुलीच्या फाईलजवळ जावं कशाला? हे सगळं सभ्य शब्दांत कसं लिहावं, याच खटपटीत आंब्याचा मोसम गेला होता.

त्या सकाळी मालतीबाईंनी त्यांच्यापुढे कोरं कार्ड आपटलं.

"किशनराव रोज विचारायलाय, उत्तर गेलं का म्हणून. आता मला लाज वाटायली. काय अडलंय तुमचं?"

"मला तिथं बोलता येणार नाही," अच्युतराव म्हणाले. "मागं काय झालं माहीत आहे ना तुला?"

"माहीत हाय की. मी व्हते तिथं." मालतीबाई समोर बसल्या. "अन् तुम्हाला काय वाटायलंय, तुम्ही बोलला असता तर त्यानं ऐकलं असतं? बोलणारी माणसं त्याला रोज भेटतेत. तुमचं 'महोदय' ऐकून त्यानं लगेच नियम काढला असता. तुम्ही बोलला न्हाई म्हणून त्याला काही सांगताच येईना. ती पोर तुम्हाला बोलायला बोलवायली व्हय? ती उभं राहायला बोलवायली. तेवढं तर येतंय तुम्हाला!"

अच्युतराव बायकोकडे बघत राहिले. बराच वेळ.

"बघा," मालतीबाई उठत म्हणाल्या. "हेच. मला बी सहन व्हत न्हाई."

अच्युतरावांनी पेन उघडलं. मायन्याची जागा सोडून दिली. लिहिलं, 'सोमवारी पहिल्या गाडीनं येतो. शारदेला सांग.' खाली सही केली आणि पुन्हा वाचून न बघता चप्पल घातली.

कार्ड पेटीत पडल्यावर मात्र त्यांना एकेक आठवू लागलं. तारीख घातली नाही. नमस्कार नाही, आशीर्वाद नाही. शिवाय एक ओळ खुलाशाची तरी घालायला हवी होती. ते पेटीपाशी घुटमळत राहिले. तेवढ्यात किशनराव किल्ल्या वाजवत आला. त्याचेही केस आता पिकले होते, पुढच्या साली तोही नोकरीतून सुटणार होता. त्यानं पेटी उघडली, टपाल काढलं, आणि वरचंच कार्ड सवयीनं उभ्या उभ्या वाचलं.

"गुर्जी, एवढंच?"

"एवढंच."

"काही राहिलं असंल तर सांगा. अजून माझ्या हातात हाय."

अच्युतरावांनी मान हलवली. नाही.

किशनरावानं कार्ड पिशवीत टाकलं, पिशवीची दोरी ओढली, आणि गल्लीच्या तोंडाशी उभा राहून चंद्रम्माच्या ओट्याकडे ओरडला, "अक्का! जायलेत हो गुर्जी, सोमवारी!"

आता गावाला कळलं होतं. परत फिरायचा मार्ग नव्हता. अच्युतराव घरी गेले आणि चांगलं धोतर कुठं आहे, ते विचारू लागले.